अर्ध्या टीव्हीची बैठक

टीव्ही बिघडला त्या दिवसापासून माईंची तब्येत सुधारली. गुडघे कुरकुरायचे थांबले, झोप लागायला लागली, आणि रविवारी तर त्या सुनेच्याही आधी उठून, केस विंचरून, खुर्चीत बसलेल्या असत. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या त्याचा हा गुण, असं त्यांचा थोरला मुलगा येईल त्याला सांगत होता. माईंनी त्याला सांगू दिलं. नव्या गोळ्यांची पट्टी त्यांनी अजून फोडलीही नव्हती.

बिघाड मोठा चमत्कारिक होता. पडद्याचा उजवा अर्धा भाग काळाठिक्कर पडला होता आणि डावा ठणठणीत होता. बातम्या देणारी बाई अर्धी दिसायची आणि पूर्ण बोलायची. फुटबॉलचे खेळाडू चेंडू घेऊन अंधारात शिरायचे, तिकडे काय व्हायचं ते देव जाणे, आणि मग मिठ्या मारत उजेडात परत यायचे. माईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. टीव्हीत त्यांचा जीव कधीच नव्हता. जीव होता तो टीव्हीपायी जमणाऱ्या माणसांत.

यजमान गेल्यापासून घर खायला उठत होतं. थोरला, म्हणजे दादा, बायकोला घेऊन याच घरात राहायचा खरा, पण सकाळी चष्म्यांचं दुकान उघडायला जायचा तो अंधार पडल्यावरच उगवायचा. सून दिवसभर एका दवाखान्यात नावनोंदणीच्या टेबलावर असायची. मधली लेक, जिला आईसकट सगळे ताईच म्हणत, एका शाळेची मुख्याध्यापिका होती आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. धाकटा छोटू बस आगारात वेळापत्रक आखायचा. केस पिकले तरी नाव छोटूच राहिलं. साऱ्या गावाच्या गाड्या वेळेवर सोडणाऱ्या या माणसाला आईकडे यायला तेवढा वेळ सापडायचा नाही. एकदा माईंनी मन मोठं करून सांगूनही पाहिलं होतं, की बाबांनो, महिन्यातून एकदा तरी सगळे मिळून जेवायला या. तिघांनाही फार वाईट वाटलं. तिघांनीही त्या आठवड्यात आठवणीने फोन केला. त्यानंतर माईंनी तो विषय काढला नाही. त्यांचं म्हणणं असं, की ‘या’ म्हटल्यावर येतो तो पाहुणा. आपलं माणूस आपणहून यायला हवं, नाहीतर त्याला काही तरी निमित्त हवं.

ते निमित्त अर्ध्या टीव्हीने दिलं, आणि घरातल्या जुन्या नियमाने त्याला बळ दिलं.

नियम यजमानांचा होता. ते कामगारांच्या सहकारी उपाहारगृहाचे अध्यक्ष होते आणि घरही सभेसारखंच चालवायचे. पण नियम जन्माला आला तो त्यांच्याच घोडचुकीतून. एका सकाळी त्यांनी उत्साहाच्या भरात मधल्या खोलीतलं जुनं कपाट कोणाला न विचारता विकून टाकलं, आणि कपाटासोबत त्यांच्या धाकट्या भावाचा लग्नाचा कोटही गेला. लग्न तोंडावर आलेलं. काका बोहल्यावर चढले ते थोरल्या भावाच्या ढगळ कोटात, आणि त्या फोटोंमध्ये ते आजही हँगरला लटकवल्यासारखे दिसतात. त्यांचा अबोला सुटावा म्हणून यजमानांनी शब्द दिला, की यापुढे मधल्या खोलीतली वस्तू सगळ्यांच्या संमतीशिवाय ना आत येईल, ना बाहेर जाईल. त्यासाठी बैठक बसायची, तीही जेवणाच्या टेबलावर, कारण उपाशी माणसाचा निर्णय ते धरत नसत. त्या दिवशी ज्याने या घरात ताट वाढून घेतलं, त्याला मत. ताट तिथे मत. लहानापासून सुरुवात करून एकेकाने ‘पटलं’ म्हणायचं. एकाने जरी ‘नाही पटलं’ म्हटलं, की विषय पुढच्या रविवारवर, आणि नाही म्हणणारा हजर नसेल तर त्या दिवशी ठराव घ्यायचा नाही. शेवटी अध्यक्षांनी ‘ठरलं’ म्हणायचं. अध्यक्षाला मान असतो, मत नसतं, असं ते म्हणायचे. त्यांच्यामागे ती खुर्ची माईंकडे आली, मानासकट आणि मताशिवाय.

मत नसलं म्हणून माई काही हात बांधून बसल्या नव्हत्या. पहिल्या रविवारी दादा दुरुस्तीच्या बाजूने, ताई नव्याच्या बाजूने, आणि छोटू दोघांच्या विरुद्ध, कारण त्याच्या मते हल्ली टीव्ही बघतं कोण. त्या दिवशी माईंना काहीच करावं लागलं नाही. दुसऱ्या रविवारी ताई दुरुस्तीला तयार होतेय असं दिसताच माई हळूच म्हणाल्या, काकांना विचारलं नाहीत तर त्यांच्या मनाला लागेल हो, आधीच तो कोट. झालं, काकांना बोलावणं गेलं. काकांनी सारी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात काढलेली. ते खिशात स्क्रूड्रायव्हर घेऊनच आले आणि म्हणाले, मी उघडून बघतो. ताईने त्यांना टीव्हीला हात लावू दिला नाही. पुढच्या रविवारी टीव्ही दुरुस्त करणारा माणूस आला. तो पडद्याकडे बराच वेळ बघून म्हणाला, पॅनल गेलंय, बदलता येईल, पण त्यात थोडी भर घातलीत तर नवाच येईल. इतक्या गोंधळाच्या सल्ल्यावर माई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी त्याला जेवायलाच बसवलं. ताट वाढलं म्हणताना मतही आलं. पाळी आली तेव्हा तो हात धुता धुता म्हणाला, मला दोन्ही पटतंय. अशा उत्तराची नियमात सोयच नव्हती. विषय पुढे गेला. जावई आणि धाकटी सून पहिली बैठक बघून गेले ते गेलेच. त्या दोघांना दर रविवारी नेमकी कामं निघू लागली.

पण जी यायची ती माणसं येत होती. ताई आल्या आल्या पाय पसरून शाळेच्या तक्रारी सांगायची, दादा आणि छोटू एकमेकांच्या ताटातली काकडी पळवायचे, काका त्याच त्या लिफ्टमध्ये अडकलेल्या नवरा-नवरीची गोष्ट सांगायचे. कोपऱ्यात टीव्ही अर्धा मिटून बसलेला. माईंना वाटायचं, असाच राहू दे बाबा, ना जगू दे ना मरू दे.

या रविवारी मात्र माईंच्या उजव्या डोळ्याची पापणी सकाळपासून लवत होती. छोटू वेळेच्या आधी आला. हा माणूस स्वतःच्या लग्नाला उशिरा पोहोचला होता. मग ताई आणि काका एकाच गाडीतून उतरले, आणि ताईच्या हातात मोजपट्टी होती. दादा दार उघडायला पुढे झाला आणि दोघं बहीण-भाऊ एकमेकांकडे बघून काही न बोलता हसले. माईंना कळलं, की आपल्या पाठीमागे फोनाफोनी झालेली आहे. भावंडं एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून ज्या बाईने उभा जन्म हळहळण्यात घालवला, तिला आज ती बोलली याचंच वाईट वाटलं.

काकांच्या पोटात काही राहत नाही हे माईंना ठाऊक होतं. त्यांनी काकांना पुढच्या ओट्यावर गाठलं आणि चहाचा कप हातात देत विचारलं, काय शिजतंय.

काका म्हणाले, छे छे, काही नाही. मग चहाचा एक घोट घेतला आणि सगळं सांगितलं. ताईच्या शाळेतल्या मुलांच्या डोळ्यांची तपासणी या वर्षी दादाच्या दुकानातर्फे होणार होती, तेव्हा दादाने दुरुस्तीचा हट्ट सोडला होता. छोटूला त्याचे रविवार परत हवे होते, तो कशालाही हो म्हणायला तयार होता. आणि जुना टीव्ही काकांना मिळणार होता, घरी नेऊन उघडायला, एकेक स्क्रू सुटा करायला.

“म्हणजे सगळ्यांना काही ना काही,” माई म्हणाल्या. “ताईला काय?”

“ताईला तिचं म्हणणं खरं झालेलं हवं. तिला लहानपणापासून तेवढंच लागतं.”

“आणि मला?”

“तुम्हाला काय म्हणजे? तुम्हाला भिंतभर टीव्ही,” काका म्हणाले, आणि कप खाली ठेवून मोजमापाला मदत करायला आत गेले.

माई ओट्यावर जराशा बसून राहिल्या. राग कोणावर काढावा तेही कळेना. पोरं काही वाईट वागत नव्हती. उलट कधी नव्हे ती शहाण्यासारखी वागत होती, देवाणघेवाण करत होती, एकमेकांचं ऐकत होती. वडील असते तर त्यांना धन्य वाटलं असतं. माईंना रडू येत होतं.

जेवणं सुरू झाली. सून नेहमीप्रमाणे वाढत होती. भात, भाजी, लिंबाची फोड, पाणी, पुन्हा भात. कोणाचं काय संपलं यावर तिचं लक्ष असायचं आणि तिच्यावर कोणाचं नसायचं. पहिला भात पोटात गेल्यावर ताईने घसा साफ केला. शाळेतली पोरं या आवाजाला उभी राहायची. इथे निदान छोटूने कोपर टेबलावरून काढलं.

ताई म्हणाली, विषय आता फार लांबलाय, आज सोक्षमोक्ष लावू. नवा टीव्ही घ्यायचा, भिंतीवर लावायचा, तो या आठवड्यातच येईल, आणि लावून देणारा माणूसही दुकानवालेच पाठवतील. तिने भिंत मोजली होती, खुर्चीपासूनचं अंतरही मोजलं होतं.

माईंनी पहिला खडा टाकला. त्या भिंतीला ओल येते, असं त्या भाताकडे बघत म्हणाल्या. छोटू म्हणाला, माई, मी मघाशी सगळीकडून ठोकून बघितली, खडखडीत कोरडी आहे. छोटूने आयुष्यात भिंत ठोकून बघितली नव्हती.

मग त्यांनी दादाची कळ दाबली. हा टीव्ही दादानेच पसंत करून आणला होता, आणला त्या दिवशी तो रिमोट कोणाच्या हातात देत नव्हता, हे त्यांनी अगदी कौतुकाने सगळ्यांना आठवून दिलं. दादाच्या चष्म्यामागचे डोळे क्षणभर ओले झाले. त्याच्या दुकानात एक खण नुसत्या मोडक्या फ्रेमांचा होता. गिऱ्हाईक नवा चष्मा घेऊन गेलं, तरी त्याच्याने जुना टाकवायचा नाही. पण ताईने त्याच्याकडे बघितलं, आणि शाळेतले सगळे डोळे जणू तिच्या दोन डोळ्यांतून त्याच्याकडे बघत होते.

“वस्तूत जीव अडकवू नये, माई,” दादा म्हणाला, आणि लगेच पाणी प्यायला.

काकांवरचा नेम तर अगदीच फुकट गेला. तुम्ही उघडून बघणार होतात ना, असं माईंनी विचारताच काका उत्साहाने म्हणाले, बघणारच आहे, पण घरी, निवांत. इथे ताई काही करू देत नाही.

राहता राहिलं शेवटचं हत्यार. ते वापरायचं माईंच्या जिवावर आलं होतं, कारण मेलेल्या माणसाला टीव्हीच्या भांडणात ओढणं त्यांना पाप वाटत होतं. तरी त्यांनी ते उपसलंच. त्या म्हणाल्या, तुमच्या बाबांनी शेवटची बातमी याच टीव्हीवर बघितली. तो असा घाईघाईने घराबाहेर काढायचा म्हणजे मला कसंसंच होतं.

दादाने घास खाली ठेवला. माईंना वाटलं, लागला नेम. पण ताई उठून त्यांच्याजवळ आली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, आणि इतका वेळ लावलेला शाळेचा आवाज सोडून अगदी लेकीच्या आवाजात बोलली.

“माई, आम्हाला कळत का नाही? तू इथे दिवसभर एकटी असतेस. त्यात अर्धं चित्र बघत बसायचं. माझ्या जिवाला लागतं ते. चांगला मोठा टीव्ही आला, की तुझा वेळ मजेत जाईल. मग तुला आमची वाट बघत बसायला नको.”

दुष्टपणाने बोलली असती तर माईंनी तिला दोन शब्दांत गार केलं असतं. पण पोरगी मनापासून बोलत होती. आईचं एकटेपण तिला दिसलं होतं आणि त्याची लांबी-रुंदीही तिने मोजपट्टीने मोजून आणली होती. माईंनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. ताईने हो धरलं.

“चला, घ्या मतं,” काका म्हणाले. “छोट्या, तू.”

“पटलं,” छोटू म्हणाला आणि घड्याळाकडे बघितलं.

“पटलं,” ताई म्हणाली.

दादाने जरा वेळ घेतला. बायकोकडे बघावं असं त्याला वाटलं असावं, पण ती भांडं घेऊन आत गेली होती. “पटलं,” तो म्हणाला.

“पटलं म्हणजे काय, पटलंच,” काका म्हणाले.

सगळे माईंकडे बघू लागले. एक शब्द बोलायचा होता, तोही नुसता मानाचा. पुढचा रविवार माईंना डोळ्यांसमोर दिसला. भिंतीवर टीव्ही, त्यात पूर्ण माणसं, सगळी अनोळखी. समोर त्या आणि त्यांचे गुडघे. त्यांनी ताटातला भात उगाच पुन्हा कालवला. छोटू हळूच म्हणाला, माई, ‘ठरलं’ म्हण.

तेवढ्यात सून आतून आली. तिच्या हातात स्वतःचं ताट होतं. तिने ते टेबलाच्या मोकळ्या कडेला ठेवलं, भिंतीपाशी पडलेली खुर्ची ओढली, बसली, भात वाढून घेतला आणि जेवायला लागली. दमली असेल, असं समजून सगळ्यांनी तिला जागा करून दिली. दोन-चार घास झाल्यावर ती पाणी प्यायली.

“माझं राहिलंय,” ती म्हणाली.

“काय राहिलंय? भाजी?” दादाने भांडं तिच्याकडे सरकवलं.

“मत.”

ताई हसली, मग हसायची थांबली. दादा बायकोकडे असा बघत राहिला, की जणू ती चुकीच्या नंबरचा चष्मा घालून आली आहे. तिच्या लग्नाला एवढी वर्षं झाली. या टेबलावर पडदे ठरले, पंखे ठरले, ज्या खुर्चीवर ती आत्ता बसली होती ती खुर्चीही ठरली. दर वेळी ती वाढत होती आणि दर वेळी बैठक संपल्यावर स्वयंपाकघरातल्या ओट्याशी बसून जेवत होती. तिला मत नाही, असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती. ताट नव्हतं, म्हणून मत नव्हतं, आणि ताट का नव्हतं हे विचारायला टेबलावर कोणी रिकामं नव्हतं. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाने मागे याच टेबलावर मत देऊन हात धुतले होते.

“नाही पटलं,” सून म्हणाली.

मग जो गलका झाला तो शेजाऱ्यांनीही ऐकला असेल. ताईचं म्हणणं, मतं घेऊन झाली, आता मध्येच कशी बसते. छोटूचं म्हणणं, वहिनी नंतर जेवते हे ठरलेलंच आहे, वेळापत्रकात असं ऐन वेळी काही घुसवता येत नाही. दादा दोघींकडे आळीपाळीने बघत होता. त्याला इकडे बायको आणि तिकडे शाळाभर चष्मे दिसत होते. शेवटी सगळ्यांनी काकांकडे बघितलं, कारण नियम ज्याच्या कोटापायी झाला तो माणूस तेवढा शिल्लक होता.

काका अडचणीत सापडले. जुना टीव्ही त्यांना मनातल्या मनात घरी पोहोचलेलाही दिसत होता, मागचं झाकण काढलेला. त्यांनी सुनेच्या ताटाकडे बघितलं. मग भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडे बघितलं, ज्यात त्यांची बोटंसुद्धा बाहीतून बाहेर आली नव्हती.

“माईंनी ‘ठरलं’ म्हटलेलं नाही,” ते शेवटी म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा अगदी पडला. “आणि ताट वाढलंय. मत आहे तिला.”

“बरं, मग कारण सांग,” ताई म्हणाली.

“कारण विचारायचं नाही. नियमच आहे,” काका म्हणाले. बुडायचंच तर पुरतं बुडावं, असा त्यांचा स्वभाव.

सुनेने तरी कारण दिलं. ती म्हणाली, मला विचार करायला वेळ हवाय, मी आजपर्यंत कधी मत दिलं नाही, मला सवय नाही. इतक्या शांतपणे म्हणाली, की पुढे भांडायला कोणाला काही हाती लागेना. तिने भात कालवून पूर्ण जेवण केलं. सगळे तिचं होईपर्यंत बसून राहिले, कारण आता मध्येच उठणं वाईट दिसलं असतं. वाढायला कोणी नव्हतं, म्हणून लिंबाची फोड तिला ताईनेच उचलून दिली.

चारच्या सुमाराला माणसं पांगली. ताई मोजपट्टी विसरून गेली आणि ती न्यायला परत आली, तेव्हा आईशी दोन वाक्यं जास्त बोलली. छोटू जाताना म्हणाला, पुढच्या रविवारी येतो, दुसरा इलाज आहे का. माई आतल्या आत इतक्या खूश होत्या, की त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती.

त्या स्वयंपाकघरात गेल्या तेव्हा सून भांडी विसळत होती. या सुनेशी माईंचं भांडण कधी नव्हतं. मोकळेपणा मात्र कधीच नव्हता. कामाची बाई, पण मिटलेली, असं त्यांनी तिचं वर्णन ती आली त्याच वर्षी करून ठेवलं होतं आणि पुढे त्यात दुरुस्ती केली नव्हती. माई दाराशी घोटाळल्या. आभार मानायचे तर कशाबद्दल, हे तोंडाने सांगावं लागलं असतं.

“तुला कधी कळलं?” त्यांनी विचारलं.

“काकांना बोलवा म्हणालात तेव्हा. एरवी तुम्हाला काकांची ती लिफ्टची गोष्ट ऐकवत नाही.” सून वळली नाही. “आणि तुमच्या गोळ्या मीच आणते, माई. त्या संपत नाहीत.”

माई दारातून आत आल्या. मग म्हणाल्या, “तुला त्रास झाला गं. दर रविवारी सगळ्यांचं करायचं.”

“झाला,” सून म्हणाली. पुढची दोन ताटं तिने विसळून ठेवली आणि हात पुसले. “पुढच्या रविवारी मी नाही. नाही म्हणणारी मीच, तेव्हा त्या दिवशी काही ठरणार नाही, काळजी करू नका. मी आईकडे जातेय.”

“काही विशेष?”

“तिचा टीव्ही बिघडलाय.”

माईंनी चौकशी केली, काय झालं, चित्र जातं की आवाज.

“चित्र स्वच्छ दिसतं. आवाजही आहे. काल मीच तिला फोनवर सांगितलं, बिघडलाय म्हण.” सुनेने फडकं उचललं. “पूर्वी मी रविवारी जायचे तिच्याकडे. इथली बैठक सुरू झाल्यापासून जमलं नाही. ती म्हणते, तुला कामं असतात, तू नको येऊस. परवा म्हणाली, मी आता दुपारी दाराकडे बघायचं सोडलंय. म्हटलं, आम्ही तिघी बहिणी बसू. दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, ठरवू.”

माईंना मागचे सगळे रविवार एकदम आठवले. भरलेलं टेबल, हसणं, पुन्हा पुन्हा वाढला जाणारा भात. ते सगळं कुठून आलं होतं, हे त्यांना आत्ता कळलं. दुसऱ्या एका म्हातारीच्या दारातून उचलून आणलेलं होतं ते. चूक झाली म्हणावं तर सून ते ऐकायला थांबलेली नव्हती. ती भांडी पुसायला लागली होती. माईंनी दुसरं फडकं घेतलं आणि तिच्या शेजारी उभ्या राहून पहिलं ताट पुसलं.

“रविवारचं जेवण मी बघते. ताई भाजी चिरेल,” त्या म्हणाल्या. मग ताट मांडणीवर ठेवता ठेवता म्हणाल्या, “आणि आईला सांग, घाईने काही ठरवू नका म्हणावं.”